फोटो ७६,६५१, वाघ २,४६१: क्लास आणि ऑब्जेक्ट शिकायला कुठून सुरुवात करायची?

पीएचडीच्या तयारीला लागलेल्या बऱ्याच जणांची अडचण सारखीच असते. पायथॉनमध्ये लिस्ट, लूप, इफ-एल्स, फंक्शन इथपर्यंत जमतं आणि क्लासपाशी गाडी अडते. माझंही तसंच झालं होतं. पुस्तकात ‘प्राणी’ नावाचा क्लास असतो, त्यातून ‘कुत्रा’ निघतो, कुत्रा भुंकतो आणि धडा संपतो. आपल्या डेटाचं काय करायचं ते कळतच नाही. म्हणून आज कुत्रा बाजूला ठेवून आपल्याकडचाच प्राणी घेऊ.

२०१८ च्या अखिल भारतीय व्याघ्रगणनेत देशभर २६,८३८ ठिकाणी कॅमेरा ट्रॅप लावले होते. त्यात ३ कोटी ४८ लाखांहून जास्त फोटो निघाले. त्यातले वाघांचे फोटो ७६,६५१, आणि त्यांतून ओळखू आलेले वेगवेगळे वाघ (बछडे सोडून) २,४६१. या शेवटच्या दोन आकड्यांमधला फरक कळला की ऑब्जेक्ट म्हणजे काय हे निम्मं कळलं.

समजा ताडोबातल्या एका ब्लॉकचा डेटा तुमच्याकडे आला. एक्सेलमध्ये एका ओळीत एक फोटो: तारीख, वेळ, ठिकाण, प्राणी. पहिली पायरी सोपी आहे. ‘फोटो’ नावाचा क्लास करा. क्लास म्हणजे कोरा फॉर्म; प्रत्येक फोटोमागे भरलेला एकेक फॉर्म म्हणजे ऑब्जेक्ट. फॉर्मवरचे रकाने म्हणजे त्याचे ॲट्रिब्यूट. नवा फॉर्म घेताना ते भरायचं काम ‘इनिट’ नावाचं फंक्शन करतं आणि त्यातलं ‘सेल्फ’ म्हणजे ‘हाच, आत्ता हातात असलेला फॉर्म’. सेल्फचा मी उगाच महिनाभर धसका घेतला होता, त्यात एवढंच आहे.

दुसरी पायरी म्हणजे ‘वाघ’ हा वेगळा क्लास. त्याच्याकडे स्वतःच्या फोटोंची यादी असते. ‘किती वेगवेगळ्या ठिकाणी दिसला?’ हे विचारायचं तर ते काम वाघाचं. म्हणून ते फंक्शन त्या क्लासच्या आत लिहायचं. यालाच मेथड म्हणतात. कुठलं काम कोणाच्या अंगावर टाकायचं हे ठरवणं हाच या पद्धतीतला खरा विचार. सिंटॅक्स दोन दिवसांत येतो.

इथे मी जी चूक केली ती जवळपास प्रत्येक जण करतो. फोटोंची रिकामी यादी मी इनिटच्या आत न लिहिता थेट क्लासच्या नावाखाली लिहिली. प्रोग्रॅम कुरकुर न करता चालला. निकाल पाहिला तर प्रत्येक वाघ प्रत्येक ठिकाणी दिसलेला! दोन रात्री मी डेटाला दोष दिला. कारण एवढंच होतं की क्लासच्या पातळीवर लिहिलेली यादी सगळ्या ऑब्जेक्टची सामायिक असते, आणि मी सगळ्या वाघांचे फोटो एकाच टोपलीत टाकत होते. इनिटमध्ये ‘सेल्फ’ लावून यादी केली की प्रत्येकाची टोपली वेगळी होते. एरर आली असती तर बरं झालं असतं, चूक पाच मिनिटांत सापडली असती.

आता जरा अवघड भाग, इथे सावकाश वाचा. दोन ऑब्जेक्ट ‘एकच’ कधी मानायचे? तुम्ही काही सांगितलं नाही तर पायथॉनच्या लेखी वेगवेगळे बनवलेले दोन ऑब्जेक्ट वेगळेच, मग आतला मजकूर अगदी सारखा का असेना. समानतेचा नियम तुम्हाला ‘इक्यू’ या मेथडमध्ये लिहावा लागतो. (तो लिहिलात की तो ऑब्जेक्ट सेटमध्ये टाकता येत नाही, त्यासाठी ‘हॅश’ही लिहावा लागतो. इथे पुष्कळ जण अडखळतात.)

वाघाच्या बाबतीत हा नियम काय असेल? पट्टे. पण वाघाच्या डाव्या कुशीवरचे पट्टे उजव्या कुशीशी जुळत नाहीत. म्हणूनच वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर दोन कॅमेरे लावतात. एक कॅमेरा बंद पडला की फक्त एक कूस मिळते. एका ठिकाणी नुसती डावी, दुसऱ्या ठिकाणी नुसती उजवी, आणि प्रोग्रॅमने दोन ऑब्जेक्ट बनवले तर कागदावर एका वाघाचे दोन वाघ होतात.

याने फरक किती पडतो ते बघा. आकडे समजण्यापुरतेच घेते. पहिल्या फेरीत २० वाघ ओळखले, दुसऱ्या फेरीत २० दिसले, त्यातले १० आधीचेच. साध्या सूत्राने अंदाज २० गुणिले २० भागिले १०, म्हणजे ४०. त्या दहांपैकी दोन ओळखता आले नाहीत तर भाजक ८ होतो आणि अंदाज ५०. चूक दोन वाघांची, फुगवटा दहाचा. म्हणून माझ्या क्लासमध्ये डावी आणि उजवी अशा दोन याद्या आहेत, आणि एकाच कुशीचे फोटो ‘अनिश्चित’ म्हणून बाजूला राहतात. दोन्ही कुशी एकत्र मिळाल्याशिवाय ते आपोआप नवा वाघ बनत नाहीत.

आपल्या भागात ही ओळख फक्त पेपरपुरती नसते. ऑक्टोबर २०२२ मध्ये वडसा परिसरात सीटी-१ हा वाघ पकडला. वडसा, ब्रह्मपुरी आणि भंडाऱ्याकडे मिळून १३ माणसांचे बळी त्याच्या नावावर होते. अशा वेळी ‘हाच तो’ हे आधी ठरवावं लागतं. चुकीचा वाघ पिंजऱ्यात गेला तर तो जंगलातून गेलाच, आणि सरपणाला, मोहफुलाला जाणाऱ्या माणसांसमोरचा धोका तसाच राहिला.

राहिलं इनहेरिटन्स. पुस्तकं तिथूनच सुरू करतात, मी म्हणेन शेवटी शिका. माझ्या कोडमध्ये ते एकाच ठिकाणी आहे: ‘अंगावरच्या खुणांवरून ओळखता येणारा प्राणी’ हा मूळ क्लास, त्यातून वाघ आणि बिबट्या. सांबर, रानडुक्कर त्यात येत नाहीत, त्यांचे फक्त फोटो मोजले जातात. पहिले चार महिने तेवढंही नव्हतं. तुम्ही कोड लिहिण्याआधी एक करा: स्वतःच्या डेटातल्या दहा ओळी कागदावर उतरवा आणि प्रत्येक ओळीसमोर पेनने लिहा की ही वस्तू आहे, की वस्तूची नोंद. माझ्या पहिल्या कागदावर तीन ओळी खोडलेल्या आहेत.