आणे मातीचे आणि आणे पिकाचे

राज्यकारभारातील शब्दाचा अर्थ कोशापेक्षा नियमात अधिक नेमका सापडतो. या घटकात आपण ‘आणा’ हा एकच शब्द पाहू. त्यासाठी इंदापूर तालुक्याकडे वळावे लागते, कारण मुंबई इलाख्यातील नवी सर्वेक्षण-जमाबंदी १८३६ मध्ये प्रथम तेथे लागू झाली.

त्यापूर्वी प्रिंगल या अधिकाऱ्याने उत्पन्नातून खर्च वजा करून उरलेल्या रकमेच्या ५५ टक्के सारा ठरविला होता. हिशेब कागदावर नेटका होता. इंदापूरच्या अवर्षणी शिवारात तो टिकला नाही. शेतकरी जमिनी टाकून निघून गेले. मग गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी उत्पन्नाचा अंदाज बाजूला ठेवून मातीच तपासली. खड्डा खणून तिची खोली हातांनी मोजावयाची, पोत पाहावयाचा आणि प्रत ठरवावयाची. खोल काळी माती १६ आण्यांची, अगदी हलकी २ आण्यांची. मिळून ९ वर्ग. चुनखडी वा उतार असा दोष आढळला की प्रत खाली येई. माती ओळखण्याची ही जाण मुळात कुणब्याची. सरकारने तिला आकडे दिले.

नवे दर हलके होते व ३० वर्षांसाठी कायम होते. त्यामुळे पडीक जमीन पुन्हा नांगराखाली आली, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु हे आणे मातीचे होते, पिकाचे नव्हते. पाऊस न पडलेल्या वर्षीही १६ आण्यांची जमीन १६ आण्यांचीच राही आणि सारा रोख भरावा लागे. पीक पाहून रदबदली करणाऱ्या पाटील-कुलकर्ण्यांचा वाव आकुंचला. पुढे १८७४ च्या कायद्याने त्यांची वंशपरंपरागत वतनेही नियमबद्ध झाली. हप्त्याची निकड आली की सावकाराचे दार उरे.

मुदत संपताच १८६७ मध्ये इंदापुरात फेरजमाबंदी होऊन सारा वाढला. त्याच सुमारास, अमेरिकेतील यादवी युद्ध संपल्याने, कापसाचे भाव कोसळले होते. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे, म्हणजे तेव्हाच्या भीमथडी व आजच्या बारामती तालुक्यात, लोकांनी सावकारांच्या वह्या आणि खते जाळली. रोख माणसांपेक्षा कागदावर होता, हे भाषेच्या अभ्यासकाने विसरू नये. सरकारने त्यावर १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला, तो कर्जासंबंधी. साऱ्याच्या तत्त्वाला त्याने हात लावला नाही. माझ्या मते दुखणे निम्मे तेथेच होते.

पिकाचे आणे मोजणारी ‘आणेवारी’ ही निराळी. हंगामातील पीक नेहमीच्या पिकाच्या किती आणे आले, हे ती सांगते. १९५७ मध्ये दशमान नाणी आल्यावर तिची ‘पैसेवारी’ झाली आणि ५० पैशांखालील गाव टंचाईग्रस्त मानण्याचा प्रघात पडला. (वाटणीत ‘माझा चार आणे हिस्सा’ म्हणतात, तो तिसराच अर्थ.)

स्वाध्यायासाठी आपल्या किंवा शेजाऱ्याच्या शेताचा सातबारा घ्या. गाव नमुना ७ मधील ‘आकार’ हा आकडा मातीच्या प्रतीवरून आलेला आहे. पिकाची नोंद त्याखालील नमुना १२ मध्ये आहे. पीक बुडाले, तर या दोहोंपैकी कोणता आकडा बदलतो, ते आपल्या शब्दांत लिहा.