चुकलेले शब्द, टिकलेला सूर : ज्युडी गार्लंडची एक मैफल

ज्युडी गार्लंड हे नाव निघाले की बहुतेकांना ‘द विझार्ड ऑफ ऑझ’ (१९३९) आठवतो. पण तिच्या गायनाचे मोल जाणून घ्यायचे तर पडद्यापाशी थांबून भागत नाही. न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये २३ एप्रिल १९६१ च्या रात्री झालेल्या मैफलीचे ध्वनिमुद्रण ऐकावे लागते.

मिनेसोटातील ग्रँड रॅपिड्स येथे १९२२ साली जन्मलेली ही मुलगी मुळात रंगमंचाची. आईवडिलांच्या चित्रपटगृहातल्या मंचावर ती अडीच वर्षांची असताना गायली. पुढे दोघी बहिणींबरोबर ती व्हॉडव्हिलमध्ये, म्हणजे नाच, गाणी आणि नकलांच्या खेळांत, वावरली. १९३५ मध्ये, तेराव्या वर्षी, एमजीएम स्टुडिओने तिला करारबद्ध केले.

तिथली रीत वेगळी होती. गाणे आधी ध्वनिमुद्रित व्हायचे आणि कॅमेऱ्यापुढे त्यावर ओठ हलवायचे. आपल्या पार्श्वगायनाशी याचे नाते उघड आहे. फरक इतकाच, की आवाज आणि चेहरा दोन्ही तिचेच. तरीही या रीतीत श्रोता नसतो, आणि चूक कापून टाकली जाते.

१९५० मध्ये हा करार संपला आणि ती पुन्हा रंगमंचाकडे वळली. १९५१ मध्ये लंडनचे पॅलेडियम आणि न्यूयॉर्कचे पॅलेस थिएटर तिने गाजवले. पॅलेसमध्ये तिचा कार्यक्रम १९ आठवडे चालला. त्यासाठी तिला विशेष टोनी पुरस्कार मिळाला. ‘अ स्टार इज बॉर्न’ने (१९५४) ऑस्करचे नामांकन मिळवून दिले. १९५९ च्या अखेरीस यकृताच्या विकाराने ती अंथरुणाला खिळली. पुन्हा गाणे होणार नाही, असे डॉक्टरांनी सांगितले.

त्यानंतर दीड वर्षाच्या आत ती तीन हजारांवर श्रोत्यांपुढे उभी राहिली. मॉर्ट लिंडसे वाद्यवृंद सांभाळत होते. कॅपिटॉल कंपनीने ही मैफल दोन एलपींच्या संचात आणली. एका गाण्यात ती शब्द विसरते, ऐनवेळी दुसरे रचते आणि ताल न सोडता पुढे जाते. ती चूक मुद्रिकेत तशीच ठेवली आहे. शेवटी श्रोते हटत नाहीत, तेव्हा सगळी गाणी म्हणू, रात्रभर थांबू, असे ती सांगते. संगीत नाटकातला ‘वन्स मोअर’ ठाऊक असलेल्या मराठी रसिकाला हे नाते उलगडून सांगावे लागू नये.

हा संच अमेरिकेत १३ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिला. वर्षातील सर्वोत्तम अल्बमचे ग्रॅमी मिळवणारी ती पहिली स्त्री ठरली. त्याच वर्षी ‘जजमेंट ॲट न्यूरेंबर्ग’मध्ये एकही गाणे नसलेल्या भूमिकेतून तिने पुन्हा ऑस्करचे नामांकन मिळवले.

१९६९ मध्ये, ४७ व्या वर्षी, लंडनमध्ये तिचे निधन झाले. तिच्याविषयीच्या लेखनात गोळ्या, विवाह आणि कर्ज यांनाच अधिक जागा मिळते. या मुद्रिकेत मात्र भेटते ती आपले काम चोख जाणणारी, श्रोत्यांना विश्वासात घेणारी गायिका. तिची ओळख करून घेताना सुरुवात इथून करावी.