गीत, स्मृती आणि 'माझे'पण : घोडपदेवच्या गिरणवस्तीच्या संदर्भात

एखादे गीत एखाद्या व्यक्तीचे 'आवडते' होते, म्हणजे नेमके काय होते, हा प्रश्न वरवर पाहता सोपा वाटतो. शब्द अर्थपूर्ण असतात, चाल मधुर असते, म्हणून गीत आवडते, असे उत्तर सामान्यतः दिले जाते. परंतु या उत्तराने नित्याच्या अनुभवातील काही गोष्टींचा उलगडा होत नाही. लग्नाच्या मांडवात सहज वाजलेले एखादे विरहगीत त्या दांपत्याला पुढे जन्मभर सुखाचीच आठवण करून देऊ शकते. उलट, बारशाला हौसेने म्हटलेला पाळणा, ते मूल दगावल्यावर, आईला ऐकवत नाही. दोन्ही ठिकाणी शब्दांचा अर्थ एका दिशेला आणि स्मृतीचा ओघ दुसऱ्या दिशेला वाहतो. गीत आयुष्याला कसे जडते, याचा भाषिक चिन्हाच्या अंगाने विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू असून, त्यासाठी मुंबईतील घोडपदेव ही गिरणी कामगारांची जुनी वस्ती समोर ठेवली आहे.

या प्रश्नाची जाणीव आपल्याकडील शास्त्रकारांना आणि कवींना फार पूर्वीपासून होती. न्यायसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायात स्मरणाच्या निमित्तांची एक लांबलचक यादी आढळते. मनाची एकाग्रता, अभ्यास, सादृश्य, संबंध, वियोग, सुख, दुःख इत्यादींबरोबरच 'लिंग' म्हणजे ज्ञापक खूण हेही एक निमित्त तेथे सांगितले आहे. पूर्वानुभवाचा संस्कार मनात सुप्त असतो व असे निमित्त मिळताच तो जागा होतो, अशी ही उपपत्ती आहे. कालिदासाच्या 'शाकुंतला'च्या पाचव्या अंकाच्या आरंभी तिचे मार्मिक उदाहरण सापडते. हंसपदिकेचे गाणे कानी पडताच दुष्यंत अकारण व्याकुळ होतो. शापामुळे शकुंतला त्याच्या स्मरणातून पुसली गेली आहे. तरीही गाण्याने संस्कार ढवळला जातो. आठवण काय आहे हे न कळता आठवणीची वेदना मात्र जाणवते.

आधुनिक चिन्हमीमांसेत चार्ल्स पर्स (१८३९–१९१४) याने चिन्हांचे जे प्रकार मानले, त्यांपैकी दोन येथे उपयोगी पडतात. शब्द हा 'संकेत' होय. त्याचा अर्थ समाजाने ठरविलेला असतो आणि तो सर्वांना समान असतो. धूर हे अग्नीचे 'सूचक चिन्ह' होय. तेथे संबंध प्रत्यक्ष साहचर्याचा असतो. नैयायिकांचे 'लिंग' याच जातीचे, आणि त्यांचेही ठेवणीतले उदाहरण धुराचेच. गीताचे शब्द संकेत म्हणून जे सांगतात ते सर्व श्रोत्यांना सारखेच उपलब्ध असते. परंतु ते गीत ज्या वेळी, ज्या जागी, ज्या माणसांच्या सोबतीने ऐकले, त्या साहचर्याने तेच गीत सूचक चिन्हही बनते, आणि या दुसऱ्या रूपात ते ज्याचे त्याचे वेगळे असते.

असे साहचर्य कोणत्या वयात अधिक घट्ट होते, याविषयी मानसशास्त्रात बरेच संशोधन झाले आहे. उतारवयातील माणसांच्या आत्मचरित्रात्मक आठवणींत साधारणतः दहा ते तीस या वयातील प्रसंगांचे प्रमाण विशेष असते. २०१३ साली कॅरल क्रुमहान्सल व जस्टिन झुप्निक यांनी अमेरिकेतील सुमारे वीस वर्षे वयाच्या विद्यार्थ्यांची जी पाहणी प्रसिद्ध केली, तिच्यात आणखी एक गोष्ट दिसून आली : आई-वडिलांच्या तरुणपणी लोकप्रिय असलेल्या गीतांशीही या मुलांच्या वैयक्तिक आठवणी निगडित होत्या. घरात जे वाजते ते मुलांच्या वाट्यास वारशाने येते, असा याचा अर्थ होतो.

'घरात वाजते' या शब्दप्रयोगाचा घोडपदेवसारख्या वस्तीत मात्र थोडा वेगळा अर्थ घ्यावा लागतो. भायखळा, चिंचपोकळी आणि रे रोड या स्थानकांच्या दरम्यान वसलेल्या या भागाच्या एका अंगास कापडगिरण्या होत्या, तर दुसऱ्या अंगास बंदराच्या गोद्या व वखारी. कोकणातून आणि घाटावरून आलेले चाकरमानी गिरणगावात प्रथम राहिले ते बहुधा गावकीच्या खोल्यांत. एकाच खोलीत अनेकांचे बिऱ्हाड, पाळीप्रमाणे झोपणे, खाणावळीत जेवणे, ही तेथील रीत होती. चाळीच्या लांब गॅलरीत एका खोलीतील रेडिओ साऱ्या मजल्याचा असे. आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावरील 'कामगार सभा', गावोगावच्या मंडळांची भजने, गणपतीतील जाखडी, मैदानावरचा शाहिरांचा फड, या सर्वांतून गीत कानी पडे ते चारचौघांच्या सोबतीनेच. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मोरिस हाल्बवाक्स याने १९२५ साली असे प्रतिपादन केले की, व्यक्तीची स्मृतीसुद्धा समाजाने पुरविलेल्या चौकटीतच उभी राहते. चाळीत ही चौकट भिंतीइतकी प्रत्यक्ष होती.

येथे एक शंका उपस्थित होते. जे गीत सर्वांनी एकत्र ऐकले ते प्रत्येकाचे 'स्वतःचे' कसे झाले? याचे उत्तर भाषेच्या एका विशेषात सापडते. 'मी', 'माझा', 'येथे', 'आज' ही पदे बोलणारा बदलला की आपला निर्देश बदलतात. ऑटो येस्पर्सन याने १९२२ साली अशा पदांना 'शिफ्टर' हे नाव दिले आणि रोमान याकोबसन याने १९५७ साली त्यांचे अधिक सूक्ष्म विवेचन केले. मराठीत त्यांना 'पालटती पदे' म्हणता येईल. नित्याच्या संभाषणात ऐकणारा 'मी' या पदाचा निर्देश बोलणाऱ्याकडे करतो. गीत मात्र ऐकणारा स्वतः गुणगुणतो, आणि गुणगुणताना गीतातील 'मी'ची मोकळी जागा नकळत व्यापतो. कवी बाजूस राहतो व गाणाऱ्याचे आयुष्य त्या जागेत शिरते.

अण्णा भाऊ साठे (१९२०–१९६९) यांची 'माझी मैना गावावर राहिली' ही छक्कड या दृष्टीने अभ्यासण्याजोगी आहे. वाटेगाव सोडून मुंबईस आलेल्या आणि गिरणीत काम केलेल्या या शाहिराने ती संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीच्या काळात रचली. बायको गावी आणि नवरा मुंबईत, ही गिरणगावातील असंख्य संसारांची वस्तुस्थिती होती. शीर्षकातील 'माझी' हे पद म्हणूनच श्रोत्याश्रोत्यागणिक वेगळ्या स्त्रीचा निर्देश करीत असले पाहिजे. पुढे त्याच रचनेत विरहाचे रूपक होऊन, महाराष्ट्राबाहेर राहू पाहणाऱ्या बेळगाव-कारवारादी भागांचे दुःख त्याच 'माझी'त सामावते. एकच पालटते पद प्रथम एकट्याचे, मग सर्वांचे होते. राजकीय गीत खाजगी आठवणीत इतके खोल का रुजले, याचे एक कारण या व्याकरणात आहे.

ओवीत हीच किमया अधिक उघडपणे दिसते. जात्यावरच्या ओवीत भावाचे नाव, माहेरचे गाव, लेकराचे लाडके संबोधन यांना जणू राखीव जागा असते. दळणारी बाई तेथे आपली नावे घालते. गावाहून घोडपदेवास बिऱ्हाड करून आलेल्या स्त्रीच्या हातून जाते सुटले, कारण पीठ आता कोपऱ्यावरच्या गिरणीतून येऊ लागले. मराठीत 'गिरणी' हा शब्द पिठाची व कापडाची अशा दोहोंसाठी चालतो. एका गिरणीने नवऱ्याला शहरात आणले आणि दुसरीने बायकोच्या ओवीचा प्रसंग नाहीसा केला. त्यानंतर ओवी दळणाचे गीत न राहता दळणाऱ्या आईची, माहेरच्या पहाटेची खूण झाली. कार्य संपले आणि स्मृतिमूल्य वाढले.

असाच पालट पुढे साऱ्या वस्तीच्या वाट्यास आला. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले. त्यानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या. घोडपदेव येथील न्यू हिंद मिलच्या जागेवर आता म्हाडाने गिरणी कामगारांसाठी बांधलेल्या उंच इमारती उभ्या आहेत. भोंगा, पाळी, गावकीची खोली, खाणावळ यांच्याशी जी गीते जडली होती, त्यांचे आधारच नाहीसे झाले. धूर दिसतो आहे आणि अग्नी विझला आहे, अशी ही अवस्था होय.

तथापि गीत टिकते, आणि ते का टिकते याची कारणेही भाषिक आहेत. डेव्हिड रुबिन याने मौखिक परंपरांवरील आपल्या १९९५ सालच्या ग्रंथात दाखविले आहे की लय, यमक, अर्थ आणि प्रतिमा यांची बंधने एकत्र आल्याने पुढच्या शब्दाचे पर्याय कमी होतात व स्मरण सुकर होते. म्हणूनच ज्याला संपाच्या तारखा आठवत नाहीत त्यालाही ध्रुपद आठवू शकते. मात्र ही बंधने गीताची संहिता राखतात. ते कोणत्या जिन्यात, कोणाच्या शेजारी बसून ऐकले, हे राखत नाहीत. ते सांगणारा माणूस गेला की गीताचे सूचक रूप त्याच्यासोबत संपते आणि केवळ संकेतरूप मागे राहते.

लोकगीतांच्या संग्राहकांनी या भेदाची दखल घेणे अगत्याचे आहे. साने गुरुजींनी 'स्त्रीजीवन'मध्ये ओव्या विषयवार मांडल्या, आणि त्यामुळे मोठे धन वाचले. परंतु कोणती ओवी कोणाची, हे त्या मांडणीत कळत नाही. पुढे हेमा राईरकर आणि गी पॉयतवाँ यांनी एक लाखाहून अधिक ओव्यांचा जो संग्रह केला, त्यात गाणारीचे नाव व गाव यांची नोंद झाली, हे महत्त्वाचे पाऊल होय. मीना मेनन व नीरा आडारकर यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या गिरणगावाच्या मौखिक इतिहासाने कामगारांचे बोल त्यांच्या नावानिशी जपले. घोडपदेवसारख्या वस्तीतील गीतांची नोंद करताना या दोन्ही वाटा एकत्र आल्या पाहिजेत. गीताच्या संहितेबरोबर ते प्रथम ऐकल्याचे ठिकाण, वय, सोबतीची माणसे, बोलीनुसार बदललेले शब्द, आणि विशेषतः 'माझा', 'माझी' या पदांत गाणाऱ्याने कोणाला पाहिले, हे विचारले गेले पाहिजे. संपाच्या आरंभी विशीत असलेले कामगार आज साठी ओलांडून गेले आहेत. शब्द छापील पुस्तकात सापडतील. 'माझी' म्हणजे कोण, हे मात्र त्यांनाच विचारावे लागेल, आणि तेही लवकर.