रॅम वाढवली तरी संगणक रखडतोय? बायॉसही तपासा

पुणे : विंडोज १०चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्यामुळे जुना डेस्कटॉप भंगारात देण्याऐवजी त्यावर लिनक्स टाकावे आणि तापकीर गल्लीतून रॅम आणून चारची आठ जीबी करावी, हा स्वस्तातला उपाय ठरतो. पण रॅम वाढवल्यावर संगणक आधीपेक्षाही मंद झाला तर? अशा वेळी दोष रॅमलाच दिला जातो. ती बदलूनही फरक पडत नसेल, तर संशयित दुसराच आहे.

नेमके बिघडते कुठे?

प्रोसेसर रॅममधला लागणारा मजकूर जवळच्या वेगवान कॅशेत ठेवतो. रॅमचा कोणता भाग कॅशेत घ्यायचा, याची नोंद 'एमटीआरआर' या रजिस्टरांत असते आणि ती संगणक सुरू होताना बायॉस करतो. चार जीबीच्या खालचे काही पत्ते ग्राफिक्ससारख्या उपकरणांसाठी राखीव असतात. ही जागा ५१२ एमबी असेल, तर तेवढी रॅम वर सरकते आणि आठ जीबीचे शेवटचे टोक साडेआठवर जाते. जुन्या बायॉसने नोंद आठपर्यंतच केली, तर वरचा तुकडा कॅशेविना राहतो. लिनक्सने नेमका तोच वापरायला घेतला, की सगळे रखडते.

तपासायचे कसे?

टर्मिनलमध्ये 'डीमेसेज' कमांड देऊन 'एमटीआरआर' शोधा. बायॉसमधील चुकीचा इशारा दिसला, तर कर्नलने तो तुकडा वगळलेला असतो; वेग टिकतो, रॅम मात्र कमी दिसते. इशारा नाही आणि वेगही नाही, तर ग्रबमध्ये 'मेम' पर्यायाने मर्यादा आठ जीबी करून पाहा. संगणक पळू लागला, तर निदान झाले.

(मोकळी रॅम कमी दिसते म्हणून घाबरू नका. लिनक्स रिकामी रॅम फायलींच्या कॅशेसाठी वापरते; तो दोष नव्हे.)

उपाय काय?

खरा इलाज बायॉस अपडेटचा. मात्र ते चालू असताना वीज गेली तर मदरबोर्डच निकामी होऊ शकतो. दुरुस्तीसाठी वीज बंद राहण्याचा गुरुवार टाळा आणि शक्यतो यूपीएस लावा. कंपनीने अपडेट देणेच थांबवले असेल, तर कर्नलचा 'एमटीआरआर क्लीनअप' पर्याय वापरून नोंदी नव्याने मांडता येतात. तोही चालला नाही, तर 'मेम'ची मर्यादा कायम ठेवावी. आठपैकी अर्धा जीबी जातो, पण संगणक वापरता येतो.