न लागलेले छंद



आजचा विषय वरवर हलका वाटेल. निवृत्त माणसाला सुचावा असाच आहे. पण इच्छा, संकल्प आणि कृती यांचं नातं हा तत्त्वज्ञानातला फार जुना प्रश्न आहे, आणि तो समजून घ्यायला दर वेळी कुरुक्षेत्रच लागतं असं नाही. माळ्यावर कापडात गुंडाळून ठेवलेली हार्मोनियमची पेटीसुद्धा त्याला पुरते.

प्रश्न असा आहे. आपल्यापैकी बहुतेकांचे दोन-तीन छंद असे असतात की ते आपल्याला मनापासून आवडतात, त्यांच्याविषयी आपण कौतुकानं बोलतो, क्वचित त्यांचं सामानही आणून ठेवतो, आणि एक दिवसही ते करत नाही. बासरी, जलरंग, पक्षीनिरीक्षण, रोजनिशी, संस्कृत, पोहणं. 'मला आवडतं हो, पण राहूनच गेलं,' असं आपण म्हणतो. आता बघा, हा माणूस खोटं बोलतो आहे का? नाही. आळशी आहे का? तसंही नाही. तोच माणूस सकाळी साडेचारला उठून केळीच्या बागेला पाणी देऊन आलेला असतो. मग ही 'आवड' म्हणजे नेमकी काय चीज आहे?

उदाहरण आपल्याच घरचं घेऊ. मोडी लिपी. जळगाव-धुळ्यात पन्नाशी ओलांडलेल्या दहा शिकल्यासवरल्या माणसांना विचारा, त्यातले तीन-चार तरी म्हणतील की मोडी शिकायची फार इच्छा आहे. आणि त्याला कारणही आहे. घरात पणजोबांच्या वेळची पेटी असते, पेटीत कागद असतात, कागदावर काय लिहिलंय ते घरातल्या कोणालाच कळत नाही. खरेदीखत आहे, कर्जाची पावती आहे की नुसतं खुशालीचं पत्र आहे, पत्ता नाही. विसाव्या शतकाच्या मध्याला मोडी शाळेतून गेली, आणि दोन पिढ्यांत असं झालं की मराठी माणूस आपल्याच आजोबांच्या हस्ताक्षरापुढे निरक्षर ठरला. २०२३ साली कुणबी नोंदी शोधण्याचं काम सुरू झालं, तेव्हा जुन्या दप्तरांतली मोडी वाचणारी माणसं शोधावी लागली. तेव्हा अनेकांना कळलं की ही नुसती हौसेची गोष्ट नव्हती.

आणि धुळ्यात राहून मोडी येत नाही, हे तर नदीकाठी राहून पोहता न येण्यासारखं आहे. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचे बावीस खंड काढले. गावोगाव हिंडून त्यांनी कागद जमवले. ३१ डिसेंबर १९२६ रोजी ते धुळ्यातच वारले, आणि १९२७ मध्ये त्यांच्या नावानं इथे संशोधन मंडळ उभं राहिलं. दप्तरं आहेत, इमारत आहे. कमी आहेत ते वाचणारे डोळे.

आता आपली भाषा याबद्दल काय म्हणते ते पाहू. मराठीत हौस 'असते', पण छंद 'लागतो'. हा फरक मला महत्त्वाचा वाटतो. हौस हा शब्द अरबी-फारसीतून आला, 'हवस'चं रूप. ती मनात असते. तिला बाहेर काही घडावं लागत नाही. छंद मात्र लागावा लागतो. तहान लागते, गोडी लागते, वेड लागतं, सवय लागते, तसा. या 'लागणे'मुळे आपली एक गैरसमजूत होते. आपल्याला वाटतं, लागायचा असेल तेव्हा लागेल, आपण वाट पाहू. पण या क्रियापदाची दुसरी बाजू विसरू नका. हळद लागते ती हात घातल्यावर. ठेच लागते ती चालणाऱ्याला. गुळाची गोडी गुळाच्या दुकानावरची पाटी वाचून लागत नाही. लागण्यासाठी आधी स्पर्श व्हावा लागतो. आधी छंद लागेल, मग मी बसेन, हा क्रम उलटा आहे.

आपल्या न्यायदर्शनात या सगळ्याचा फार बारीक विचार झालेला आहे. नैयायिक म्हणतात, आधी माणूस जाणतो, मग इच्छितो, मग यत्न करतो. ज्ञान, इच्छा, कृती. पण कोणत्याही ज्ञानातून प्रवृत्ती होत नाही. सतराव्या शतकातल्या विश्वनाथ पंचाननांच्या 'न्यायसिद्धांतमुक्तावली'त ही चर्चा येते. माणूस एखाद्या गोष्टीला हात घालतो तेव्हा त्याला तीन गोष्टी पटलेल्या असतात. पहिली, इष्टसाधनता: यातून मला हवं ते मिळेल. दुसरी, कृतिसाध्यता: हे माझ्या प्रयत्नानं होण्यासारखं आहे. आणि तिसरीचं नाव जरा लांबलचक आहे, बलवदनिष्टाननुबंधित्व: म्हणजे यातून मिळणाऱ्या सुखापेक्षा मोठं नुकसान मागून येणार नाही. विष कालवलेला मधाचा घास गोड असतो, खाताही येतो, पण शहाणा माणूस खात नाही. तिसरी अट बसत नाही म्हणून.

ही तीन मापं आपल्या न लागलेल्या छंदांना लावून बघा. इष्टसाधनता भरपूर आहे. मोडी आली तर काय बहार येईल, हे सगळ्यांनाच पटलेलं आहे. गाडी अडते ती दुसऱ्या अटीपाशी. 'मोडी शिकणं' ही मुळात कृतीच नाही, ते एका मोठ्या कामाचं नाव आहे. हाताला ते करता येत नाही. हाताला काय करता येतं? कागदावर आडवी रेघ ओढता येते. मोडी लिहिताना शिरोरेषा आधी ओढतात, मग अक्षरं तिला टांगत जातात. हात शक्य तितका उचलायचा नाही, शब्दांमध्ये जागा सोडायची नाही, ऱ्हस्वदीर्घाची फिकीर करायची नाही. ही झटपट लिहिण्याची लिपी आहे. आज संध्याकाळी रेघ ओढून 'क' दहा वेळा काढणं, ही झाली कृती. तिच्याबद्दल 'मला जमेल का' असा प्रश्नच पडत नाही. कृतिसाध्यतेचं ज्ञान हे इतक्या लहान मापाचं असावं लागतं. आपण 'शिकायचं' म्हणतो आणि डोळ्यांसमोर पेशवे दप्तर आणतो. मग पाय मागे येतो.

तिसरी अट याहून अवघड, कारण ती कोणी उघड बोलत नाही. नवशिकेपणाचं अनिष्ट! पंचवीस वर्षं ज्यानं कार्यालयात सह्या केल्या, त्यानं बालवाडीतल्या पोरासारखी वेडीवाकडी अक्षरं काढायची, आणि शेजारी विशीतली मुलगी भराभर वाचत असते. तिथे मान दुखावतो. शिवाय आणखी एक भीती आत असते: समजा बसलो आणि आवडलंच नाही तर? जोवर पेटी माळ्यावर आहे तोवर मी 'संगीताची आवड असलेला' माणूस आहे. खाली काढली आणि बोटं चालली नाहीत, तर तेही जाईल. म्हणजे पेटी न वाजवण्यात एक प्रकारची राखण आहे. आपण छंद पुढे ढकलत नसतो, स्वतःविषयीचं एक चांगलं मत जपत असतो.

इथे पाश्चात्त्य विचारातली एक मांडणी उपयोगी पडते. हॅरी फ्रँकफर्ट या अमेरिकन तत्त्वज्ञानं १९७१ च्या एका गाजलेल्या निबंधात इच्छांच्या दोन पायऱ्या सांगितल्या. एक इच्छा वस्तूची असते: मला चहा हवा. दुसरी इच्छेची इच्छा: मला वाचनाची ओढ वाटावी, असं मला वाटतं. दुसऱ्या पायरीची इच्छा माणसालाच असू शकते, आणि त्यात कमीपणा काहीच नाही. चांगलं होण्याची सुरुवात तिथूनच होते. पण ती पहिल्या पायरीच्या इच्छेची जागा घेऊ शकत नाही. 'मला बासरी वाजवायची आहे' असं आपण म्हणतो, तेव्हा पुष्कळदा अर्थ असा असतो की बासरी वाजवणारा माणूस आपण असतो तर बरं झालं असतं. वाजवायची ओढ वेगळी, आणि वाजवणारा असण्याची ओढ वेगळी. पहिलीला बासरी पुरते. दुसरीला श्रोते लागतात.

आता तुम्ही म्हणाल, सर, हे सगळं ठीक, पण वेळ कुठे आहे? आपल्याकडे तर उन्हाळ्यात 'ऊन उतरलं की', पावसाळ्यात 'पेरणी झाली की', हिवाळ्यात 'लग्नसराई आटोपली की', असं चालतं. अहिराणीत 'करसू' म्हटलं की काम निम्मं झालं असं आपण धरून चालतो! म्हणून आपल्या मातीतली तीन-चार उदाहरणं सांगतो. ती थोर माणसांची आहेत, पण मला त्यांच्या थोरपणाकडे बोट दाखवायचं नाही. त्यांनी वेळेचं काय केलं, एवढंच बघा.

बहिणाबाई चौधरी, आसोद्याच्या. १८८० ते १९५१. अक्षरओळख नाही, शेतीचं काम, संसार, अकाली आलेलं वैधव्य. त्यांना वेळ मिळाला म्हणून गाणी झाली नाहीत. जातं फिरत होतं आणि त्यासोबत ओव्या येत होत्या. काम आणि गाणं अशी वाटणीच नव्हती. लिहून ठेवण्याचं काम इतरांनी केलं, आणि पुस्तक निघालं ते त्यांच्या मृत्यूनंतर, १९५२ मध्ये.

दुसरे धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव. व्यवसायानं वकील. समर्थ संप्रदायाची हस्तलिखितं शोधण्याचा नाद त्यांना लागला, आणि आयुष्यभराच्या त्या धडपडीतून धुळ्याचं समर्थ वाग्देवता मंदिर उभं राहिलं. तिसरे चाळीसगावचे केकी मूस, १९१२ ते १९८९. टेबलावर घरातल्याच वस्तूंची मांडणी करून त्यांनी छायाचित्रांत डोंगर, बर्फ, वाटा उभ्या केल्या. ते घराबाहेर जवळजवळ पडतच नसत. 'आमच्याकडे छंदाला वाव नाही' असं म्हणणाऱ्यानं एकदा चाळीसगावला जाऊन ते घर बघावं.

आणि चौथं उदाहरण धुळ्याच्या तुरुंगातलं. १९३२ साली विनोबांनी तिथे कैद्यांपुढे गीतेवर प्रवचनं दिली. २१ फेब्रुवारीला आरंभ, १९ जूनला समाप्ती. दर रविवारी एक अध्याय, अठरा रविवार, अठरा अध्याय. साने गुरुजी ते लिहून घेत होते, म्हणून 'गीता प्रवचने' आज आपल्या हाती आहेत. मला यात वार ठरलेला आहे ही गोष्ट फार मोलाची वाटते. आज मन आहे का, हा प्रश्न दर वेळी नव्यानं विचारायचा नाही. रविवार आला की अध्याय. प्रवृत्तीचं निम्मं ओझं पंचांगावर टाकलेलं आहे.

मग आपण काय करायचं? मी दोनच गोष्टी सुचवतो.

पहिली, काही छंद सन्मानानं सोडून द्या. हे निराशेचं बोलणं नाही. सत्तरी पार केलेल्या माणसाला हिशेब करावा लागतो. सगळंच होणार नाही. जो छंद फक्त 'वाजवणारा असण्याची' ओढ होता, त्याला निरोप द्यावा. पेटी माळ्यावरून काढून गल्लीतल्या शिकणाऱ्या पोराला द्यावी. ऐकणारा होणं हेही काही कमी नाही. गायकाला रसिक लागतोच. न लागलेल्या छंदाचं ओझं मनावर ठेवून रोज थोडं थोडं खजील व्हायचं, याला काही अर्थ नाही.

दुसरी, जो एक उरेल त्याचा वार ठरवा आणि माप लहान करा. मोडी असेल तर आपल्याच घरातला एक कागद घ्या. दप्तरातला नको, पणजोबांचा. आधी त्यावरची तारीख लावून बघा. जुना कागद असेल तर तिथे शुहूर सन असेल, अरबी आकड्यांच्या नावांनी लिहिलेला: इहिदे म्हणजे एक, सबैन म्हणजे सत्तर, मया म्हणजे शंभर, अलफ म्हणजे हजार. 'इहिदे सबैन मया व अलफ', म्हणजे ११७१. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन येतो, १७७० किंवा १७७१. एवढं एका बैठकीत होतं. आणि ज्या दिवशी त्या कागदावर आपल्याच गावाचं नाव आपल्याला लागेल, बघा, इथेही मराठी 'लागणे'च म्हणते, त्या दिवशी पुढच्या रविवारची आठवण कोणाला करून द्यावी लागणार नाही.

त्या पेटीतले कागद मात्र आपली वाट पाहत थांबणार नाहीत. वाळवीला कोणताही छंद पुढे ढकलण्याची सवय नाही.

इथे थांबतो. आता प्रश्न घेऊ.