माळावर ओतलेली माणसं

जुलै २०१८. थायलंडच्या थाम लुआंग गुहेत फुटबॉल खेळणारी बारा पोरं आणि त्यांचा प्रशिक्षक अडकलेत. बाहेर पाऊस थांबायला तयार नाही, आत पाणी हटायला तयार नाही. सगळ्या जगाचे कॅमेरे त्या डोंगराकडे लागलेले असताना, पाणी उपसायला मदत करणाऱ्यांत एक अभियंता आपल्या सांगलीचा होता. आणि वेळ आलीच तर विमानात चढवायला चार दांडगे पंप सज्ज ठेवले होते. कुठं माहीत आहे? पलूस तालुक्यात, किर्लोस्करवाडीला!

हे पंप ‘ऑटोप्राइम’ जातीचे. त्यातली गंमत शेतकऱ्याला चटकन कळेल. विहिरीचं पाणी खाली गेलं की मोटार नुसती घुरघुरते, नळीतून थेंब येत नाही. आपण म्हणतो, एअर धरली. मग बादलीनं पाणी ओता, पंप भरा, पुन्हा बटण दाबा. गुहेच्या काळोखात बादली घेऊन कोण उभं राहणार? ऑटोप्राइम पंप आत घुसलेली हवा आपली आपणच बाहेर टाकतो आणि पुन्हा पाणी धरतो.

पंपाचं नवल आहेच. पण किर्लोस्करवाडीच्या माळावरून थायलंडच्या गुहेपर्यंत माणूस पोचतो कसा? त्या पथकात किर्लोस्कर ब्रदर्स या कंपनीची भारतातली, थायलंडमधली आणि इंग्लंडमधली माणसं एकत्र राबत होती. अनेक देशांत पसरलेल्या उद्योगात माणसं जोडायची कशी, त्यांना हुरूप द्यायचा कसा, त्यांना मोठं करायचं कसं, यावर व्यवस्थापनाची जाडजूड पुस्तकं निघतात. आपल्या मुलखात हा धडा १९१० साली गिरवला गेला, तोही निवडुंग तोडत तोडत.

गिरवणारे होते लक्ष्मणराव किर्लोस्कर. जन्म १८६९चा, बेळगावकडच्या गुर्लहोसूरचा. मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकार व्हायला गेले आणि कळलं की डोळ्यांना काही रंग नीट उमगतच नाहीत. चित्रकाराला रंगांधळेपण म्हणजे गवयाला बहिरेपण! पण यंत्राच्या रेखाटनाला रंग लागतात कुठं? ते यंत्रांकडे वळले, व्हीजेटीआयमध्ये शिकवू लागले. तिथं बढती त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन माणसाला मिळाली, तेव्हा नोकरीवर पाणी सोडून बेळगावला आले. भावाबरोबर सायकलींचं दुकान होतंच. त्यातून कडबा कापायची यंत्रं निघाली, लोखंडी नांगर निघाला. पुढं नगरपालिकेनं शहराच्या विस्तारासाठी कारखान्याची जागाच काढून घेतली.

आता कारखाना घेऊन जायचं कुठं? औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. औंध साताऱ्याकडचं, पण संस्थान असं तुकड्यातुकड्यांत विखुरलेलं की कुंडल त्याचंच आणि आटपाडीही त्याचीच. राजेसाहेबांनी कुंडलजवळ ३२ एकर माळ दिला आणि १०,००० रुपये कर्जाऊ दिले. (राजेसाहेब स्वतः चित्रकार होते. चित्रकला सुटलेल्या माणसाला चित्रकार राजानं हात द्यावा, हा योगायोग मला फार आवडतो.) त्या माळावर होतं काय? निवडुंग आणि नाग. १० मार्च १९१०ला पंचवीसेक कामगार बायकापोरांसह तिथं मुक्कामाला आले.

आता माणसं बघा. शंभोराव जांभेकर: शाळेची पायरी जेमतेम चढलेले, झाले कारखान्याचे अभियंता. अनंतराव फळणीकर: शिक्षण अर्धवट सोडलेले, पण नवनवी यंत्रं त्यांच्या डोक्यातून निघायची. के. के. कुलकर्णी: परीक्षेत नापास, पण कुठल्याही कामाला हात घालावा आणि ते पार पाडावं. मंगेशराव रेगे: कारकून म्हणून आले आणि सगळा हिशेब त्यांच्या हाती गेला. आजच्या एखाद्या बड्या कंपनीकडं हे चार अर्ज आले असते, तर पहिल्याच चाळणीत केराच्या टोपलीत गेले असते. नाही का?

लक्ष्मणरावांना त्यांच्यात काय दिसलं? मला वाटतं, याचं उत्तर फौंड्रीत आहे. कपोला भट्टीत दगडी कोळशाचा कोक टाकतात, कच्चं लोखंड टाकतात आणि भंगारही टाकतात. मोडके दाते, फुटक्या चाकांचे तुकडे, गंजलेल्या पट्ट्या. सोबत चुनखडी. ती वितळून घाण आपल्याकडे ओढते आणि मळी होऊन वर तरंगते. खालून निघतो तो चौदाशे अंशांच्या आसपास तापलेला नारिंगी रस. त्यात भंगार कुठलं आणि नवं कुठलं, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

पण नुसता रस चांगला असून भागत नाही. तो ज्यात ओतायचा तो वाळूचा साचा बिघडला की काम गेलं. जुना मोल्डर काय करतो? काळी वाळू मुठीत घेतो, घट्ट आवळतो, मूठ उघडतो. तळहातावर बोटांचे ठसे उमटलेला गोळा. मग तो मधोमध मोडतो. कडा स्वच्छ निघाल्या तर वाळू बरोबर. भुरभुरली तर कोरडी. हाताला चिकटली तर ओली. आणि ओल्या वाळूत रस पडला की वाफ कोंडते, पंपाच्या अंगाला आतून भोकं पडतात. हे पुस्तकात वाचून येत नाही. पोरगा दोन-तीन वर्षं मोल्डरच्या शेजारी बसतो आणि एक दिवस त्याच्या मुठीला कळायला लागतं. ही मूठ तयार करायची तर माणूस टिकला पाहिजे. तो टिकायचा तर घर हवं, पाणी हवं, पोरांना शाळा हवी. अमेरिका-युरोपात कारखान्यांभोवती गावं वसवल्याचं लक्ष्मणरावांनी वाचलं होतं. त्यांनी तसं गाव, किर्लोस्करवाडी, उभारलं आणि वर एक नियम घातला: इथं शिवाशिव चालणार नाही. त्या काळात, त्या माळावर!

आणि आता खरी कमाल. एवढं गाव, एवढा माल. रात्री राखण कुणाची? लक्ष्मणरावांनी नेमले तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग. (जातच आडनाव होऊन बसलेला तो काळ.) दोघंही दरोड्याच्या गुन्ह्यात शिक्षा भोगलेले.

वेडेपणा? जरा मागे जाऊन बघा. गावगाड्यात रामोशाचं कामच मुळी राखणदारीचं. गावात चोरी झाली तर जबाब त्यानं द्यायचा. इंग्रजी अंमलात ती व्यवस्था मोडली, राखण करणाऱ्यांचं काम गेलं आणि कपाळावर गुन्हेगारीचा शिक्का आला. म्हणजे ज्याला अंधारातली चाहूल ओळखता येते, चोर कुठून शिरेल हे ज्याला ठाऊक आहे, असा माणूस बेकार बसलेला. लक्ष्मणरावांनी त्याला त्याचं काम परत दिलं, आणि दरोडेखोर वाडीचे राखणदार झाले.

याच संस्थानात पुढं काय झालं बघा. १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसलं. भिंती नसलेला तुरुंग! त्यामागं राजपुत्र अप्पासाहेब पंत आणि मॉरिस फ्रिडमन नावाचा पोलंडचा अभियंता. कैदी बायकामुलांसह राहणार, शेती करणार, पळायचं असेल तर अडवायला कुंपण नाही. व्ही. शांताराम यांचा ‘दो आँखें बारह हाथ’ आला तो यावरूनच. कथा लिहिली ग. दि. माडगूळकरांनी, आटपाडीकडच्याच माडगूळच्या गदिमांनी. स्वतंत्रपूर आजही आहे.

इकडं नांगराचं काय? लोखंडानं जमिनीत विष कालवलं जातं, असं शेतकरी म्हणायचे. पहिला नांगर खपायला दोन वर्षं लागली! तेव्हा विकणारा माणूस असा हवा, जो बांधावर बसून शेतकऱ्याच्या बोलीत बोलेल. पुढं अशा विक्रेत्यांत एक धिप्पाड तरुण होता. नांगरासाठी गावोगाव हिंडताना त्याला रयतेची अवस्था जवळून दिसली. १९१९ साली त्यानं साताऱ्याच्या कऱ्हाड तालुक्यात, काले गावी, एक संस्था काढली. तरुण म्हणजे भाऊराव पाटील, संस्था म्हणजे रयत शिक्षण संस्था! कंपनीनं माणूस घडवावा आणि तो कंपनीपेक्षा मोठा व्हावा, याचा हिशेब कुठल्या ताळेबंदात मांडायचा?

तसंच झालं कंपनीच्या पत्रकाचं. १९२० साली लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केलं. कारखान्याची, गिऱ्हाइकांची बातमीच द्यायची होती. पण त्याचं ‘किर्लोस्कर’ मासिक झालं, १९३० मध्ये ‘स्त्री’ निघालं, नंतर ‘मनोहर’. नांगराच्या कारखान्यातून निघालेली मासिकं घरोघरच्या माजघरात बायकांना विचार करायला लावत होती. जाहिरातपत्रकाचा एवढा उद्धार जगात कुठं झाला असेल, तर मला दाखवा.

सगळंच गोड होतं, असं कसं म्हणू? जिथं घर मालकाचं, दुकान मालकाचं आणि शाळाही मालकाची, तिथं मालकापुढं ‘नाही’ म्हणणं जड जातं. मालक म्हणजे बाप, हे नातं उबदार खरं, पण बापाशी भांडायला पोराला धीर गोळा करावा लागतो. आजच्या कंपनीत ते चालणार नाही, आणि चालू नये.

पण माणूस हेरायची ती नजर दूरवर गेली. लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेत एमआयटीत शिकून १९२६ साली परतले आणि कारभार पुणे-बंगळूरपर्यंत फैलावला. त्यांच्या इंग्रजी आत्मचरित्राच्या नावातसुद्धा निवडुंग आहे, गुलाबांच्या शेजारी. २००३ साली किर्लोस्कर ब्रदर्सनं इंग्लंडमधली एसपीपी पंप्स ही कंपनी विकत घेतली. व्हीजेटीआयमधल्या त्या डावललेल्या मास्तरांना हे दिसायला हवं होतं.

सांगलीहून साताऱ्याकडं रेल्वेनं निघालात, तर भिलवडीनंतर किर्लोस्करवाडी लागते. या स्टेशनाचं जुनं नाव कुंडल रोड. रात्रीची गाडी असेल तर खिडकीतून दिव्यांची रांग दिसते. सव्वाशेहून थोड्या कमी वर्षांपूर्वी तिथं एकच उजेड हलत असणार, राखणीला निघालेल्या तुकारामाच्या हातातला कंदील. आणि तो कंदीलही परदेशीच असणार. कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीचा ‘प्रभाकर’ यायला अजून काही वर्षं होती.