इंधनाचा दाब आणि त्याचा ‘ध्रुव’

‘इंजिन कसेही चालो, इंधनाचा दाब कायम राखावा’ हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. तांत्रिक मजकुराचा अनुवाद करणाऱ्यास ते सहज सुचेल आणि संपादकही त्यावर खूण करणार नाही. तथापि सुपरचार्जर बसविलेल्या मोटारीच्या बाबतीत हे वाक्य शब्दशः पाळले, तर इंजिनाचे पिस्टन वितळण्याची पाळी येऊ शकते. येथे वाक्यरचना चुकलेली नसून ‘दाब’ या नामाचा अर्थच अपुरा राहिला आहे. तो कोठे व कसा अपुरा राहतो, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

दाब हा नेहमी कशापासून तरी मोजला जातो. पंक्चर झालेल्या चाकातली ‘हवा गेली’ असे आपण म्हणतो आणि दाबमापकही शून्य दाखवितो. वस्तुतः त्या चाकात वातावरणाइतका, म्हणजे समुद्रसपाटीवर दर चौरस इंचास सुमारे १४.७ पौंड, दाब शिल्लक असतोच. ‘चाकात ३२ पौंड हवा आहे’ याचा अर्थ बाहेरच्यापेक्षा ३२ पौंड अधिक, एवढाच. निर्वातापासून मोजलेल्या दाबास ‘निरपेक्ष दाब’, वातावरणापासून मोजलेल्यास ‘मापी दाब’ आणि कोणत्याही दोन जागांमधील फरकास ‘दाबांतर’ असे तीन शब्द योजले, तर पुढील विवेचन सुकर होईल. इंजिनाचे काम चालते ते दाबांतरावर. बोलण्यात मात्र मापी दाबच येतो. घोटाळ्याचे मूळ येथे आहे.

सिलिंडरांकडे हवा वाटून देणाऱ्या नलिकेस मॅनिफोल्ड म्हणतात. तिच्यात इंजेक्टरच्या सूक्ष्म छिद्रातून पेट्रोल फवारले जाते. (सिलिंडरातच थेट इंधन सोडणाऱ्या इंजिनांत दाब कितीतरी अधिक असतात, त्यांचा विचार येथे केलेला नाही.) छिद्रातून किती पेट्रोल बाहेर पडेल, हे इंधननळीतील व मॅनिफोल्डमधील दाबांतराच्या वर्गमूळावर अवलंबून असते. सोयीसाठी नळीतील मापी दाब ४५ पौंड धरू. मॅनिफोल्डमध्ये वातावरणाइतकाच दाब असेल, तर दाबांतरही ४५ भरते. आता सुपरचार्जरने मॅनिफोल्डमध्ये आणखी १५ पौंड हवा कोंबली. नळीतील दाब ‘कायम’ राहिला असल्याने दाबांतर ३० वर आले आणि पेट्रोलचा प्रवाह सुमारे १८ टक्क्यांनी घटला. इकडे हवेचा निरपेक्ष दाब मात्र दुपटीहून किंचित अधिक झाला आहे. जेथे दुप्पट इंधन हवे, तेथे पूर्वीपेक्षाही कमी मिळते.

पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनास वजनाने सुमारे १४.७ पट हवा लागते. (वातावरणदाबाचा आकडाही हाच, हा निव्वळ योगायोग, विद्यार्थ्यांनी दोहोंची सांगड घालू नये.) सुपरचार्जरच्या इंजिनात पूर्ण भारावर हे प्रमाण मुद्दाम १२ च्या आसपास ठेवतात, कारण जादा पेट्रोल उष्णता शोषून घेते. इंधन कमी पडले की मिश्रण ज्योत पोहोचण्याची वाट न पाहता आपोआप स्फोट पावते, इंजिन ठोके देऊ लागते आणि काही क्षणांत पिस्टनच्या माथ्याला भोक पडते.

यावरील उपाय साधा आहे. दाबनियामकात एक पडदा व एक स्प्रिंग असते. पडद्याच्या मागील बाजूस मॅनिफोल्डपासून एक बारीक रबरी नळी जोडली, की मॅनिफोल्डमध्ये दाब जितका चढेल तितकाच इंधनाचा दाबही चढतो आणि दाबांतर ४५ चे ४५ राहते. पाणिनीय परंपरेशी परिचित असलेल्या वाचकास येथे अपादानाची चर्चा आठवेल. ज्यापासून दूर होणे घडते ते ‘ध्रुव’, असे म्हटल्यावर धावत्या घोड्यावरून पडणाऱ्याचे काय, असा प्रश्न उपस्थित होतो. घोडा तर स्थिर नाही. पडण्याच्या क्रियेपुरता तोच ध्रुव मानावा, असे त्याचे समाधान आहे. नियामकाची रबरी नळी नेमके हेच करते. मॅनिफोल्डचा दाब क्षणोक्षणी बदलत असला, तरी मोजणी त्याच्यापासूनच करावयाची असते.

याचा परिणाम प्रथमदर्शनी विपरीत वाटतो. इंजिन सावकाश फिरत असता मॅनिफोल्डमध्ये वातावरणापेक्षा सुमारे १० पौंड कमी दाब असतो. त्या वेळी दाबमापक ३५ दाखवितो. पूर्ण भारावर तोच ६० वर जातो. काटा असा हलताना पाहून नियामक बिघडला असे कोणी समजेल. प्रत्यक्षात काटा ४५ वर निश्चल राहिला, तरच रबरी नळी निसटल्याची शंका घ्यावी. अलीकडच्या पुष्कळ मोटारींत ही नळी नसते. तेथे संगणक दाबांतराचा हिशेब करून इंजेक्टर उघडा ठेवण्याचा काळ कमीअधिक करतो. परंतु मागाहून सुपरचार्जर बसविला, तर हा हिशेबही नव्याने बसवावा लागतो.

काही कारागीर मूळचे लहान इंजेक्टर तसेच ठेवून दाबावरच भिस्त ठेवतात. हवेच्या दर पौंडामागे इंधनाचा दाब ८ पौंडांनी चढविणारा नियामक घेतला, तर ६ पौंड हवेस मापी दाब ९३ व दाबांतर ८७ होते आणि प्रवाह ३९ टक्क्यांनी वाढतो. हवेचा दाब ४१ टक्के वाढलेला असल्याने मेळ बरा बसतो. पण वर्गमूळाचा नियम पुढे आडवा येतो. प्रवाह दुप्पट करावयाचा, तर दाबांतर चौपट हवे. शिवाय दाब चढेल तसतसा पंपाचा पुरवठा घटतो, म्हणजे गरज सर्वाधिक असते तेव्हाच पंप दमतो. प्रस्तुत लेखकाच्या मते ही तडजोड थोड्या दाबापुरतीच क्षम्य आहे; एरवी मोठे इंजेक्टर बसविणे श्रेयस्कर.

नायट्रस ऑक्साइडची गोष्ट थोडी निराळी. याचेच जुने नाव हास्यवायू. वजनाच्या ३६ टक्के प्राणवायू त्यात असतो, तर हवेत तो २३ टक्केच. दुसऱ्या महायुद्धात अतिउंचावर उडणाऱ्या जर्मन विमानांच्या इंजिनांत तो वापरला गेला होता. मोटारीत या वायूबरोबर जादा पेट्रोल वेगळ्या छिद्रातून सोडण्याची एक पद्धत आहे, आणि त्या पेट्रोलचे माप छिद्र व दाब या दोहोंनी ठरते. कार्ब्युरेटरच्या इंजिनात इंधनाचा दाब अवघा ६ पौंडांच्या घरात असतो. तेथे एक पौंड घटला, तर पेट्रोल सुमारे ९ टक्क्यांनी कमी होते; ४५ पौंडांच्या व्यवस्थेत तीच घट जेमतेम १ टक्का. ‘एक पौंडाने उतरला’ या वाक्याचा अर्थ असा संदर्भानुसार बदलतो. त्यातच झडप बंद असताना घेतलेले माप फसवे असते, कारण वाहत्या इंधनाचा दाब साचलेल्यापेक्षा नेहमी उतरता असतो. वायूच्या टाकीची उलटी तऱ्हा आहे. ती थंड झाली की आतील दाब उतरतो, वायू कमी येतो व मिश्रणात पेट्रोल जास्त होते. ती तापली की धोका.

इंधनाचा दाब ठरावीक आकड्याखाली गेला, तर वायूची झडप बंद करणारी दाबकळ लावण्याची प्रथा आहे, आणि ती योग्यच होय. परंतु सुपरचार्जर व नायट्रस दोन्ही असलेल्या इंजिनात ही कळ वातावरणापासून मोजणारी असेल, तर ४० पौंडांवर बसविलेली कळ पूर्ण भारावर निरुपयोगी ठरते. तेथे दाब ६० असावयास हवा; तो ४५ वर घसरला, दाबांतर ३० झाले, तरी कळीच्या लेखी सारे ठीकच असते. त्या कळीलाही मॅनिफोल्डची नळी जोडावी लागते.